आमच्या साडूंची सरासरी

जगात असा एकही प्रश्न नाही की ज्याचं उत्तर आमच्या साडूंकडे नाही. अडचण एवढीच की ते उत्तर सरासरी असतं. लग्नाला माणसं किती येतील, पाऊस कधी उघडेल, चाकणच्या चौकात गाडी किती वेळ अडकेल, बायको कशावरून रुसली आहे, काहीही विचारा. साडू चष्मा कपाळावर ढकलतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "एका वेळेचं मला सांगता यायचं नाही, साडूभाऊ. पण हीच गोष्ट पुष्कळ वेळा घडली तर सरासरी काय येईल ते सांगतो." आता बायको एकच असते आणि ती आत्ता रुसलेली असते. तीच गोष्ट पुष्कळ वेळा घडेपर्यंत थांबायची आपली तयारी नसते. पण हे साडूंना पटवून देणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

माझी आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, म्हणून आम्ही साडू. एरवी आमची गाठ पडायचं काहीच कारण नव्हतं. चिखलीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या कंपन्यांना लागणारे ब्रॅकेट आणि ट्रॉल्या आम्ही बनवून देतो. साडू पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत क्वांटम कणांचं गणित करतात. कण त्यांनी कधी पाहिलेले नाहीत, हात लावणं तर दूरच. ते संगणकावर त्या कणांची नक्कल चालवतात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासरेबुवांनी मोठ्या कौतुकाने विचारलं होतं, "जावईबापू, तुम्ही नेमकं करता काय?" उत्तर अर्ध्यावर आलं तेव्हा फराळ संपला होता आणि पूर्ण झालं तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. त्यानंतर सासरेबुवांनी कुठल्याही जावयाला, अगदी मलाही, काय करता म्हणून विचारलं नाही.

मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. पुष्कळ कण असतात आणि ते सगळे एकमेकांत गुंतलेले असतात. बंद डब्यातल्या कणांचाच हिशेब कठीण. एक कण वाढला की आकडेमोड दुप्पट होते. पण खरा डबा कधी पूर्ण बंद नसतो. बाहेरची ऊब आत येते, आतली बाहेर जाते, आणि हा भोवताल धरून बसलं की एकेका कणामागे आकडेमोड चौपट होत जाते. थोडेसे कण झाले की मोठमोठे संगणक हात टेकतात. मग युक्त्या कराव्या लागतात, आणि साडूंचं तारुण्य या युक्त्यांत गेलं. एक युक्ती कापाकापीची. कणाकणांमधलं जे नातं बारीक असेल ते सोडून द्यायचं. दुसरी फेऱ्यांची. तीच सुरुवात धरून तीच गोष्ट पुन्हा पुन्हा चालवायची, दर फेरीत मधेच फासा टाकल्यासारख्या उड्या येऊ द्यायच्या आणि शेवटी सगळ्या फेऱ्यांची सरासरी घ्यायची. आणि त्यांची सगळ्यांत लाडकी युक्ती म्हणजे भोवतालाला स्मरणशक्तीच नाही असं धरून चालायचं. डब्यातून जे बाहेर गेलं ते भोवताल विसरला. मागचं उकरून काढून तो पुन्हा अंगावर येणार नाही. "यामुळे हिशेब फार सुटसुटीत होतो," असं साडू म्हणतात. होणारच! सासरच्या माणसांबद्दल असं धरून चालता आलं असतं तर माझाही संसार सुटसुटीत झाला असता.

संस्थेत मोठा संगणक आहे, पण त्याच्यापुढे रांगही मोठी आहे. म्हणून साडूंनी कंपन्यांनी टाकून दिलेले जुने संगणक चिखलीच्या भंगारवाल्यांकडून गोळा केले आणि घरात झोपायच्या खोलीत मांडले. ते रात्रंदिवस तापायचे. मेहुणीने एक दिवस सांगितलं, "या घरात एक तर हे राहतील नाहीतर मी." साडूंनी विचार करायला वेळ मागितला. त्यानंतर घडलेल्या गोष्टी मी इथे लिहीत नाही, पण त्याच आठवड्यात सगळे संगणक माझ्या वर्कशॉपच्या पोटमाळ्यावर आले. माझे कामगार सकाळी त्यांच्यावर जेवणाचे डबे ठेवतात; दुपारपर्यंत भाजी गरम राहते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, साडू चिडणार. ते हरखून गेले. "बघा, बघा, भोवतालाशी देवाणघेवाण!" म्हणत त्यांनी एका वेल्डरच्या डब्यातलं वांगं खाऊन पाहिलं. गुरुवारी आमच्या भागात औद्योगिक सुट्टी असते आणि दिवसभर वीज नसते. त्या दिवशी यंत्रं गप्प बसतात आणि साडू लग्नघरात चुकून लवकर आलेल्या पाहुण्यासारखे वर्कशॉपमध्ये इकडून तिकडे फिरत राहतात.

गणितातल्या युक्त्या माणसं गणितात ठेवतात. साडूंना तसा भेदभाव जमत नाही. फ्लॅटच्या वास्तुशांतीला त्यांनी कापाकापीची युक्ती लावली आणि माझ्या बायकोच्या मावशीला बोलावलं नाही. याच मावशीने त्यांचं लग्न जमवलं होतं. "त्यांचं आपल्याशी थेट नातं बारीक आहे," साडू म्हणाले, "त्यांचा जो काही परिणाम व्हायचा तो बाकीच्यांमार्फत येतोच." हे मात्र शंभर टक्के खरं निघालं. मावशींचा परिणाम पुढच्या दोन दिवाळ्या बाकीच्यांमार्फत येत राहिला. साडूंच्या हिशेबाने मावशी एव्हाना सगळं विसरलेल्या होत्या, म्हणून पुढच्या एका लग्नात ते हसत हसत त्यांच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, ओळखलंत का?" मावशी म्हणाल्या, "तुम्ही ओळखलंत, हेच पुष्कळ झालं हो!"

रस्ता विचारायची त्यांची पद्धत अशीच. एकदा चाकणच्या बाजूला एका बारशाला जायचं होतं. साडूंनी पानटपरीवर विचारलं, रिक्षावाल्याला विचारलं, गॅरेजवाल्याला विचारलं. काही जण डावीकडे म्हणाले, काही उजवीकडे. साडूंनी दोहोंची सरासरी काढली आणि भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरला गाडी सरळ एका कंपनीच्या फाटकात घालायला लावली. तिथल्या गार्डने त्यांना माल घेऊन आलेलं समजून वजनकाट्यावर उभं केलं. बाळाचं नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, तेव्हा साडू आले आणि आल्या आल्या म्हणाले, "बाकी सगळं ठीक होतं, पण गाडी जरा जड भरली."

मधल्या काळात क्वांटम शब्दाला आमच्या भागात अचानक भाव आला आणि साडूंनाही. एका बिल्डरने 'क्वांटम हाइट्स' नावाची इमारत काढली आणि भूमिपूजनाला साडूंना पाहुणे म्हणून नेलं. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर मध्ये बिल्डर, वर भावी नगरसेवक, आणि खाली कोपऱ्यात 'परिसराचे भूषण' म्हणून साडू, डोळे मिटलेले. फोटो काढताना ते कसलीशी सरासरी काढत असावेत. भाषणात त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की खोलीचे गुणधर्म भोवतालावर अवलंबून असतात आणि या प्लॉटच्या भोवताली नाला आहे. बिल्डरने माइक काढून घेतला आणि शाल मात्र दिली.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. एक गोष्ट मात्र आम्हा कोणालाच हसण्यावारी नेता येत नव्हती, ती म्हणजे त्यांचे थोरले बंधू. साडू मूळचे कुरुळीचे. जमीन कारखान्यांत गेली, तरी थोरले बंधू गावातच राहिले. भाड्याच्या खोल्या बांधल्या, टेम्पो घेतला, आईला शेवटपर्यंत सांभाळलं. धाकटे चिरंजीव जत्रेला तेवढे उगवायचे, तेही संगणकाने परवानगी दिली तर. आई गेली आणि दहाव्याला सगळी भावकी इंद्रायणीच्या घाटावर जमली. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली, पिंड मांडला आणि कावळा काही शिवेना. मग रीतीप्रमाणे एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागला. म्हातारीची काही इच्छा राहिली असेल तर ती पुरी करतो, असं म्हणू लागला. नातवाचं लग्न करतो, झालं. घराला रंग देतो, झालं. कावळे समोरच्या बाभळीवर बसून बघत होते. शेवटी थोरले बंधू धाकट्याकडे वळून म्हणाले, "तू बोल काय तरी."

साडूंना वाटलं, त्यांना त्यांच्या विषयातलं विचारलंय. ते म्हणाले, "दादा, जिवाला लावून घेऊ नकोस. आपण किती वेळ थांबलो याचा कावळ्याला पत्ताच नसतो. तो पहिल्या मिनिटाला यायची जेवढी शक्यता होती, तेवढीच पुढच्या मिनिटालाही आहे." भावकीतलं कोणीतरी फिसकन हसलं. थोरल्या बंधूंनी मान फिरवली. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला, आणि त्या दिवसापासून थोरले बंधू साडूंशी बोलले नाहीत. साडू निश्चिंत होते. राग दर वर्षी निम्मा होत गेला तरी काही वर्षांत उरणार किती, असा त्यांचा हिशेब होता. तो शून्याला पोचायची ते शांतपणे वाट बघत राहिले आणि बघता बघता त्यांची मुलगी लग्नाची झाली.

लग्न ठरलं, तारीख निघाली, आणि मुलगी म्हणाली, "थोरले काका येणार नसतील तर मांडव घालू नका." सुट्टीत ती कुरुळीला काकांच्या खांद्यावर बसून हिंडलेली. त्यांच्या भावकीत आदल्या दिवशी मांडवाचे डहाळे आणायचा मान घरातल्या थोरल्याचा. आंब्या-जांभळाच्या फांद्या तो वाजतगाजत आणतो, त्या मांडवावर चढतात आणि मगच हळद लागते. मेहुणीने समजूत घातली, माझ्या बायकोने घातली. मुलगी बापावर गेलेली, हटली नाही. साडूंचं जेवण तुटलं. तिसऱ्या दिवशी ते वर्कशॉपवर आले आणि म्हणाले, "साडूभाऊ, फेऱ्या काढाव्या लागतील."

म्हणजे असं, की दर गुरुवारी मी त्यांना मोटरसायकलवर कुरुळीला न्यायचं. दर वेळी सुरुवात तंतोतंत तीच हवी. तोच निळा शर्ट, त्याच दुकानातला पेढ्यांचा पुडा, गाडी त्याच लिंबाखाली लावायची आणि ओट्यासमोर उभं राहून तेच वाक्य म्हणायचं, "दादा, पोरीचं लगीन ठरलंय. तुला यायचंय." गावात शिरताच साडूंची भाषा आपोआप बदलायची, हे त्यांच्या लक्षातही येत नसे. पुढे काय घडतं ते पाहायचं, आणि पुरेशा फेऱ्या झाल्या की सरासरी. मी म्हणालो, "अहो, भाऊ आहे तो, फासा नाही." ते म्हणाले, "तुम्ही फक्त मोटरसायकल चालवा."

पहिल्या गुरुवारी थोरले बंधू आम्हाला पाहताच खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. दुसऱ्या वेळी ते उठून टेम्पो धुवायला गेले आणि आधीच धुतलेला टेम्पो धूत राहिले. पुढच्या खेपेला वहिनींनी पाणी आणून दिलं, त्यानंतरच्या खेपेला चहा. मग एकदा ओट्यावर आम्ही यायच्या आधीच आणखी दोन खुर्च्या मांडलेल्या दिसल्या. थोरले बंधू साडूंकडे न बघता मला म्हणाले, "हायवेला लई गर्दी झाली आसंल न्हाई का?" परत येताना मी आनंदाने ओरडलो, "साडू, बर्फ वितळतोय की हो!" मागून वाऱ्यातून आवाज आला, "असं म्हणायचं नसतं. प्रत्येक फेरी स्वतंत्र आहे. मागच्या फेरीचा हिच्याशी काही संबंध नाही." मी मोशीच्या पुलावर गाडी थांबवून त्यांना नदीत ढकलायचा विचार केला, पण मागे मोठा कंटेनर होता.

काही गुरुवारांनंतर साडूंनी जाहीर केलं की आता आकडा हलत नाही. "सरासरी काय आली?" मी विचारलं. साडू गंभीरपणे म्हणाले, "निम्मी. म्हणजे दादा साधारण अर्धा येतो." मी म्हणालो, "अर्धा दादा मांडवात उभा कसा करायचा? वरचा घ्यायचा की खालचा?" साडूंना यात विनोद दिसला नाही. त्यांचा चेहरा एवढा पडला होता, की पुढचे दोन विनोद मी गिळून टाकले. त्यांच्या गणिताने त्यांना कधी दगा दिला नव्हता, आणि आता मुलीचं लग्न आठवड्यावर आलेलं असताना ते त्यांच्या हातात अर्धा भाऊ ठेवून मोकळं झालं होतं. मला खरोखर वाईट वाटलं. त्या गुरुवारी ते कुरुळीला गेलेच नाहीत. पोटमाळ्यावर बसून बंद यंत्रांवरची धूळ ब्रशने झाडत राहिले.

अकराच्या सुमारास वर्कशॉपच्या दारात टेम्पो उभा राहिला. थोरले बंधू उतरले, टोपी नीट केली आणि मला म्हणाले, "त्यो कुठं हाय?" मी वर बोट दाखवलं.

"खाली ये रं!"

साडू शिडीवरून उतरले, हातात ब्रश तसाच.

"आज का न्हाई आलास?"

दुसरा कोणी असता तर काम निघालं म्हणाला असता. साडूंना खोटं बोलता येत नाही. "दादा, फेऱ्या पुरेशा झाल्या होत्या. आणखी एक केली असती तरी आकडा बदलला नसता."

"कसला आकडा?"

"तुझ्या येण्याचा."

"किती आलाय?"

"निम्मा."

थोरल्या बंधूंनी माझ्याकडे पाहिलं. मी ड्रिलिंग मशीनकडे पाहिलं.

"आरं येड्या," ते म्हणाले, "सकाळधरनं वट्ट्यावर खुर्च्या टाकून बसलोय मी. तुझ्या वैनीनं तुझा बिनसाखरंचा चा दोनदा टाकला न् दोनदा वतला."

साडू गोंधळले. "पण दादा, मी तर दर वेळी पहिल्यापासून सुरू करत होतो. तेच वाक्य, तोच शर्ट."

"त्योच? पयल्या गुरवारी कालर उसवली व्हती तुझी. दुसऱ्याला शिवल्याली व्हती. मंग पेढं बदामी आनलंस, आधीचं पांढरं व्हतं. म्या काय आंधळा हाय का? समदं ध्यानात हाय माझ्या." त्यांचा आवाज खाली आला. "घाटावरचं बी हाय. आईला तुझं गनित नगं व्हतं रं. घरी येत जाईन, एवढं तुझ्या तोंडनं पायजे व्हतं तिला. तवा न्हाई म्हनलास. आता येतुयास, तर मधीच कशापायी बंद करतोस?"

साडूंनी सवयीने चष्मा कपाळावर ढकलायला हात नेला. चष्मा आधीच कपाळावर होता. तो हात तसाच डोळ्यांवर आला आणि ते रडू लागले, अगदी लहान मुलासारखे, ब्रश घट्ट धरून. थोरल्या बंधूंनी आधी तो ब्रश काढून घेतला आणि मग त्यांना जवळ घेतलं. मी टेम्पोचे टायर बघायला बाहेर गेलो, कारण माझंही काही ठीक नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी साडूंच्या सोसायटीच्या फाटकावर ताशा वाजला. टेम्पो आंब्या-जांभळाच्या फांद्यांनी भरलेला, पुढे थोरले बंधू फेट्यात, मागे सगळी भावकी. वॉचमनने मोबाइल पुढे करून विचारलं, "काका, नोंद करावी लागते. व्हिजिटर, डिलिव्हरी का कॅब?" थोरले बंधू म्हणाले, "पोरीचा चुलता." तसा पर्यायच नव्हता. सेक्रेटरींना फोन गेला, त्यांनी पार्किंगमध्ये झाडपाला आणायचा नियम नाही असं सांगितलं, तोवर ताशावाले आत शिरले होते. अखेर थोरले बंधू डिलिव्हरी म्हणून आत आले. मुलगी जिन्यावरून धावत आली आणि काकांच्या गळ्यात पडली. साडू बाजूला उभे होते. मी हळूच विचारलं, "किती आला दादा?" ते म्हणाले, "गप्प बसा हो."

त्यानंतर साडूंनी आपल्या गणितातल्या भोवतालाला स्मरणशक्ती दिली. आता डब्यातून गेलेलं काही काळाने थोडं थोडं परत येतं, आलेख खाली जाऊन पुन्हा वर चढतो आणि आकडेमोड तर विचारूच नका. आपली जुनी काही उत्तरं फार थोड्या ठिकाणी लागू पडतात, हे त्यांनी स्वतःच लेख लिहून जाहीर केलं. संस्थेतल्या मंडळींना ते फारसं रुचलेलं नाही. पोटमाळ्यावर आणखी यंत्रं आली आहेत आणि माझ्या कामगारांची आमटीसुद्धा आता गरम राहते.

मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. मेहुणी म्हणते, घर खायला उठतं. साडूंनी उतारवयात स्कूटर घेतली आणि ती चालवायला शिकले, त्यामुळे गुरुवारी आता त्यांना माझी गरज लागत नाही. खरं सांगायचं तर मला त्या फेऱ्यांची सवय झाली होती. मागे बसून सरासरीवर व्याख्यान देणारं कोणी नसलं की मोशीचा रस्ता उगाच लांब वाटतो. परवाच्या गुरुवारी ते वर्कशॉपवर डोकावले. गर्दी फार आहे, ऊन आहे, आज नाही गेलात तर काय बिघडेल, असं मी सहज म्हणालो. साडूंनी चष्मा कपाळावर ढकलला, डोळे मिटले. मला वाटलं, आता आकडा येणार.

"दादा वाट बघत असेल," ते म्हणाले आणि स्कूटर सुरू केली.